नांव कोणाचें?

दारावरील पाटी वाचून पाहुणा घरांत पाऊल टाकतो. इंटरनेटवर ही पाटी म्हणजे डोमेन. तें जो अगोदर मागेल व फी भरील त्यास मिळतें; मागणाराचें नांव तेंच आहे कीं नाहीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. त्यामुळें प्रसिद्ध माणसांचीं नांवें अडवून पुढें विकावयास काढणारा एक वर्ग निर्माण झाला.

अशा तंट्यांसाठीं १९९९ सालीं आयकॅन या संस्थेनें नियम केले. फिर्यादीस तीन गोष्टी शाबीत कराव्या लागतात: डोमेन आपल्या व्यापारचिन्हाशीं फसगत होण्याइतकें जुळतें, घेणाराचा त्यावर न्याय्य हक्क नाहीं, आणि तें दुष्ट हेतूनें घेऊन वापरलें आहे.

२००० सालीं ज्यूलिया रॉबर्ट्स या अमेरिकन नटीनें वायपो या जागतिक संस्थेच्या लवादाकडे दाद मागितली. प्रतिवादीनें तिच्या नांवाचें डोमेन लिलावांत काढलें होतें, व इतर नटांचीं आणि खेळाडूंचींही नांवें अडविलीं होतीं. तें डोमेन तिला देण्याचा निकाल झाला. त्याच वर्षीं स्टिंग हा इंग्रज गायक मात्र हरला. कारण तो शब्द इंग्रजींत नित्याच्या वापरांतला, शिवाय प्रतिवादीचा दुष्ट हेतु शाबीत झाला नाहीं. २००१ सालीं ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाविरुद्धही तीनपैकीं दोन पंचांनीं कौल दिला. आपल्याकडे २०११ सालीं दिल्ली हायकोर्टानें अरुण जेटली यांच्या नांवाचें डोमेन त्यांस देवविलें.

कोणी म्हणेल, नांव थोराचें म्हणून पत्ताही त्याचाच असावा. मला हें मान्य नाहीं. एकच नांव धारण करणारे पुष्कळ असतात. खेड्यांतील एखाद्या मुलानें आपल्या जन्मनांवाची पाटी लाविली, तर त्या नांवाचा दुसरा कोणी पुढें गाजला एवढ्यावरून ती हिरावून घेणें हा अन्याय होय. उलट, ज्या कीर्तीसाठीं आपण घाम गाळला नाहीं, ती अडवून तिच्या धन्याकडूनच पैसे उकळणें ही खंडणीच. म्हणून प्रसिद्धीपेक्षां हेतु तपासणारा नियमच मला योग्य वाटतो.

विद्यार्थिमित्रहो, "पहिला आला तो धनी" हा न्याय नळावरच्या रांगेंत शोभतो. दुसऱ्याच्या नांवाविषयीं शोभत नाहीं. अशा व्यवहारास कित्येक लोक हुशारी म्हणतात. निदान आपल्या घरांत तरी तिला हुशारी म्हटलें जाऊं नये, एवढी पालकांस विनंती आहे.