दान नव्हे, संवाद

कारखाना म्हणजे एक कुटुंब, असे उद्योगपतींच्या भाषणांतून वारंवार सांगितले जाते. ही कल्पना भारतीय मनाला भावतेही. परंतु ज्या घरात धाकट्यांना बोलण्याची मुभा नसते, ते घर बाहेरून कितीही भरभराटीचे दिसले तरी आतून दुभंगलेलेच असते. व्यवस्थापक आणि कर्मचारी यांच्या नात्याला हाच न्याय लागू पडतो.

जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथे १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस लागू झाला. १९२० मध्ये कामगारांना भविष्य निर्वाह निधी मिळाला. त्यासंबंधीचा देशव्यापी कायदा होण्यास १९५२ साल उजाडले. असे असूनही १९२० आणि १९२८ मध्ये याच कारखान्यात मोठे संप झाले. पहिल्याच्या मुळाशी वेतनाचा प्रश्न होता, तर दुसऱ्याच्या मुळाशी नोकरकपातीचा. सवलती उदार होत्या. पण त्या देणाऱ्याने ठरवलेल्या होत्या. पोटाशी निगडित निर्णयांत घेणाऱ्याला स्थान नव्हते.

ही उणीव ओळखून १९५६ मध्ये व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला व त्यातून संयुक्त विचारविनिमयाच्या समित्या उभ्या राहिल्या. त्यानंतर मतभेद संपले असे नाही. १९५८ मध्येही संप झाला. मात्र समोरासमोर बसण्याची रीत मोडली नाही, हे महत्त्वाचे.

कायद्यानेही हीच दिशा स्वीकारली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे आणि तीत दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समसमान असावे लागतात.

परंतु कायदा समिती देऊ शकतो, विश्वास नव्हे. तक्रार करणाऱ्यावर डूख धरला जाणार नाही, मागणी नाकारली तरी कारण सांगितले जाईल, याची खात्री व्यवस्थापकाच्या आचरणातूनच पटते. कर्मचाऱ्यानेही हक्काइतकेच कामाच्या गुणवत्तेविषयी जागरूक असले पाहिजे. दहा माणसांच्या लहानशा कचेरीत तर कायद्याची वाटही पाहावी लागत नाही. तेथे आठवड्यातून एकदा शांतपणे ऐकून घेणारा वरिष्ठ पुरेसा असतो. ‘कुटुंब’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यालाच शोभतो.