गाणे गाजते, कवी हरवतो!

आंबेडकरी चळवळ गाण्यावर वाढली, हे सांगायला पुराव्याची गरज नाही. जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, आणि पोहोचले तरी ते वाचणारा नव्हता, तिथे बाबासाहेबांचा विचार जलशाने नेला, गायन पार्टीने नेला. परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून पूर्णेपर्यंत आजही भीमजयंती गाण्याशिवाय होत नाही. परंतु कर्ण्यावरून घुमणारे ते गीत कोणी लिहिले, असे विचारले तर किती जणांना उत्तर देता येईल? गायक ठाऊक असतो. कॅसेट काढणारी कंपनीही ठाऊक असते. कवी मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. ज्या समाजाला शतकानुशतके माणूस म्हणून नावही मिळू दिले गेले नाही, त्या समाजाने आपल्याच कवीला निनावी करावे, याला काय म्हणावे?

आजची तरुण पोरे स्वतः गाणे लिहितात, स्वतः चाल लावतात, स्वतः गातात आणि मोबाईलवरून जगापुढे ठेवतात. अशांना 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वतंत्र कलावंत म्हणण्याची पद्धत आहे. ही कल्पना परदेशातून आली, असा अनेकांचा समज आहे. मग महाकवी वामनदादा कर्डक कोण होते? १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या या माणसाला मुंबईत येईपर्यंत अक्षरओळख नव्हती. कोणीतरी वाचायला दिलेले पत्र वाचता येईना, याची लाज वाटून त्यांनी ऐन तारुण्यात मुळाक्षरे गिरवली. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले आणि १५ मे २००४ रोजी डोळे मिटेपर्यंत गाणे सोडले नाही. त्यांच्यामागे ना कंपनी होती, ना सरकार, ना कोणी शेठ. गावोगावच्या वस्त्या हाच त्यांचा रंगमंच आणि वस्तीतली भाकरी हेच मानधन. 'वाटचाल', 'मोहळ' हे गीतसंग्रह निघाले. पण त्यांची हजारो गीते छापील पानापेक्षा लोकांच्या ओठांवरच जगली. याहून स्वतंत्र कलावंत कोणता?

ओठांवर जगणाऱ्या गाण्याला एक धोका असतो. ते सर्वांचे होते आणि लिहिणाऱ्याचे राहत नाही. आपल्या पूर्वसूरींना हा धोका कळला होता. याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळण-कांडण, शेणगोठा हे तिचे काम. पण अभंगाच्या शेवटी तिने स्वतःचे नाव घातले. दासीच्या हाती जमीन नव्हती, घर नव्हते. नाममुद्रा हा तिचा एकमेव सातबारा होता. वामनदादांनीही गीताच्या अखेरच्या कडव्यात 'वामन' गुंफला, तो याच परंपरेने. आणि आज काय होते? वेळ कमी आहे म्हणून शेवटचे कडवे गाळले जाते. डीजेच्या दणदणाटात धृपद तेवढे उरते. कडव्याबरोबर कवीही कापला जातो, याचे भान ना गायकाला, ना आयोजकाला!

हे दुखणे केवळ महाराष्ट्राचे नाही. तामिळनाडूत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या संचातून अरिवू हा आंबेडकरी विचारांचा तरुण गीतकार-गायक पुढे आला. मार्च २०२१ मध्ये त्याचे 'एन्जॉय एन्जामी' जगभर गाजले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या त्याच्या आजीची, भूमिहीनांची वेदना त्या गीतात आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याच गाण्याची सहगायिका झळकली. अरिवू मात्र नव्हता. रंजित यांनी जाहीर आवाज उठवला, तेव्हा कुठे मासिकाला जाग आली. २०२२ साली चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये ते गाणे पुन्हा त्याच्याविना सादर झाले. संगीतकाराने श्रेय सर्वांचे असल्याचे म्हटले. पण मंचावर नेमका लिहिणारा नसतो, हा योगायोग आमच्याच वाट्याला वारंवार का येतो?

कायदा याबाबत आंधळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताच्या शब्दांवर कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. चाल सिनेमाच्या गाण्यावरून घेतलेली असली तर चालीचा हक्क दुसऱ्याचा. शब्द तरीही कवीचेच. कलम ५७ प्रमाणे तर हक्क विकून टाकला तरी 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचे मानधन एकदाच काही रुपये देऊन कायमचे गिळंकृत करण्यालाही आळा घातला. पण कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना कायद्याच्या भरवशावर सोडता येईल काय?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. अशा काळाचे गाणे म्हणजे साक्ष असते. साक्षीखाली साक्षीदाराची सही लागते. निनावी साक्ष कोणत्या न्यायालयात टिकते?

म्हणून जयंती मंडळांनी काही साधे नियम करावेत. प्रत्येक गीतापूर्वी कवीचे नाव पुकारावे. नाममुद्रेचे कडवे गाळू नये. गायकाबरोबर कवीच्या मानधनाचीही पावती फाडावी. जुन्या गायन पार्ट्यांच्या वह्या वाळवीच्या स्वाधीन होण्याआधी विहारांतून गोळा कराव्यात आणि त्यावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव नोंदवावे. नव्या पोरांनी कंपनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवावा. चळवळीत वकिलांची वाण नाही. यासाठी लाखोंचा निधी लागत नाही, फक्त नियत लागते.

वामनदादांनी आयुष्यभर बाबासाहेबांचे नाव गायिले. त्यांचे नाव घ्यायला आपल्याला एक मिनिट मिळू नये?