तीन गिगाहर्ट्झची थाप

"सर, वॉरंटी गेली तुमची."

काउंटरपलीकडच्या पोरानं हे इतक्या मायेनं सांगितलं, की घरात कोणी गेलं की काय असं क्षणभर वाटलं. तक्रार काय, तर चार्जिंगची पिन ढिली झाली होती. वायर तिरकी धरून खाली पाकीट टेकवलं की चार्जिंग सुरू, हात काढला की बंद. फोन घेऊन जेमतेम आठ महिने झालेले. पोरानं फोन चालू केला, दोन-तीन बटणं दाबली आणि त्याच्या अंगात एकदम फौजदार संचारला. "बूटलोडर अनलॉक केलाय. रूटपण आहे."

"आहे. पण पिनेचा आणि रूटचा संबंध काय?"

"पॉलिसी आहे सर."

स्कूटरला मी वेगळा हॉर्न बसवला तर किकची वॉरंटी जाते का, असं मी विचारून पाहिलं. तो नुसता हसला. त्याचा काय दोष? त्याच्या पगारात वाद घालणं बसत नव्हतं. एसीच्या गारव्यात त्यानं फोन परत माझ्या हातात ठेवला, दोन बोटांनी, विटाळ झाल्यासारखा.

माझा गुन्हा काय होता तेही सांगतो. फोनच्या प्रोसेसरला मी कंपनीपेक्षा कमी व्होल्टेज देत होतो. जास्त नव्हे, कमी. बूटलोडर उघडून फोनचा मुळापर्यंत ताबा, म्हणजे रूट, घेतला तो त्यासाठीच.

प्रोसेसर दिवसभर एकाच वेगानं पळत नाही. माझ्या त्या फोनात स्नॅपड्रॅगन 800 होता. काम नसलं की तो 300 मेगाहर्ट्झवर पेंगायचा, काम आलं की 2.26 गिगाहर्ट्झपर्यंत उसळायचा. मधे पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला किती व्होल्टेज द्यायचं याचा एक तक्ता. कोणत्या पायरीवर कधी चढायचं हे ठरवणाऱ्या भागाला म्हणतात गव्हर्नर. राजभवनातला नव्हे, एसटीच्या इंजिनाला बसवतात त्या जातीचा. मी हात घातला तो या तक्त्यात. वरच्या पायरीचे 1050 मिलिव्होल्ट होते, ते 975 वर आणले. वेग तोच ठेवला.

आता गणित. चिप काम करताना जी वीज खाते ती वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. सगळी मेख त्या वर्गात आहे. व्होल्टेज सात टक्के उतरवलं की त्या पायरीवरचा खर्च 14 टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि कामात तसूभर फरक नाही. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा-दहा टक्के उतरवलं तर खर्च 27 टक्क्यांनी घटतो. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कुठल्याही पोराला हे पाठ असतं. दिवसभराच्या बॅटरीत फार मोठा फरक पडत नाही, हेही सांगून टाकतो. निम्मी बॅटरी स्क्रीन आणि नेटवर्कच पिऊन टाकतात. फरक पडतो तो तापण्यात. खिशातला फोन मांडीला चटका देईनासा होतो.

'कमी व्होल्टेज' म्हटलं की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण लाइन डिम आली की विहिरीवरची मोटर जळते. पण मोटरला तेवढंच पाणी उपसायचं असतं, व्होल्टेज पडलं की ती जादा करंट ओढते आणि वायंडिंग जाळून घेते. चिपचं तसं नाही. तिला व्होल्टेज कमी पडलं तर ती चुकते, अडखळते, फोन हँग होतो आणि बंद पडून पुन्हा सुरू होतो. जळत नाही. जाळायचीच असेल तर व्होल्टेज वाढवावं लागतं.

मग कंपनी गरजेपेक्षा जास्त का देते? कारण एकाच तव्यावरच्या भाकरीसुद्धा सारख्या उतरत नाहीत, तिथं चिपांचं काय. काही चिपा थोडक्यात भागवणाऱ्या निघतात, काही हावऱ्या. स्नॅपड्रॅगन 800 ची तर कारखान्यातच 0 ते 6 अशी प्रतवारी लावलेली असायची. हावऱ्या चिपेला तोच वेग गाठायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे ती तापते जास्त. प्रत चिपेच्या आत कायमची कोरलेली, खोक्यावर मात्र एक अक्षर नाही. हापूसची पेटी घेताना आपण फळ केवढं आहे ते बघून डझनाचा भाव करतो. इथं 0 प्रतीवाला आणि 6 प्रतीवाला एकाच रांगेत उभे राहून एकच किंमत मोजतात, आणि एकाचा फोन तापला की त्याला सांगायचं, 'सर, तुम्ही गेम जास्त खेळता.' शिवाय प्रत्येक प्रतीत थंडी, ऊन, म्हातारपण या सगळ्यांसाठी वर थोडी शिल्लक धरलेली. ती धरणं रास्तच आहे. लाखो फोन विकणाऱ्यानं सावध असावंच. पण माझा एक फोन किती शिल्लक सोडू शकतो हे तपासायला कंपनीला वेळ नाही. मला आहे. मग मला का अडवता?

आमच्या जमातीची पाठ थोपटायलाही मी बसलेलो नाही. निम्म्या लोकांना हा तक्ता हवा असतो तो वेग वाढवायला. मेगाहर्ट्झ चढवायचे, ते पेलावेत म्हणून व्होल्टेजही चढवायचं, आणि वर्गाच्या त्या हिशेबानं फोनची इस्त्री करून बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या ॲपचा, आकडा मित्रांना दाखवत हिंडायचं. त्या आकड्यानं कुणाचा एक फोन लवकर लागला असेल तर शपथ. पण त्यांना हसावं तर आठवतं, 2008 सालच्या पहिल्या अँड्रॉइड फोनात, एचटीसीच्या त्या जी-वनमध्ये, चिप होती 528 मेगाहर्ट्झची आणि ती चालवली जायची 384 वर. लोकांनी उरलेले मेगाहर्ट्झ स्वतः सोडवून घेतले. पैसे तर 528 चेच भरले होते.

माझंही एकदा नाक कापलं गेलं. 975 वर समाधान मानेन तर मी कसला. रोज रात्री 25 मिलिव्होल्ट खाली, असं करत गेलो. चौथ्या रात्री फोन कधीतरी गोठला, गजर वाजलाच नाही आणि पहाटेची एसटी गेली. चूक माझी, नि:संशय माझी. दोन पायऱ्या वर चढलो, प्रश्न मिटला. एवढंच नुकसान.

आता ज्यांनी मला दारातून हाकललं त्यांच्या जातभाईंचे पराक्रम बघा.

2013 साली आनंदटेक या संकेतस्थळानं दाखवून दिलं की सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-फोरच्या एका आवृत्तीत ग्राफिक्सची चिप ठरावीक बेंचमार्क ॲप उघडली की 533 मेगाहर्ट्झवर पळते, आणि बाकी वेळ 480 च्या वर जात नाही. शाळा तपासायला साहेब आले की पोरांना खिचडीत काजू, तसला प्रकार. नऊ वर्षांनी, 2022 च्या मार्चमध्ये, त्याच कंपनीची एक गेम ऑप्टिमायझिंग सेवा उघडी पडली. कोरियातल्या एकानं बेंचमार्कच्या ॲपला एका गाजलेल्या गेमचं नाव दिलं, आणि तोच फोन, तीच चिप, गुण निम्म्याच्याही खाली. मूळ नावानं आलं तर मात्र पूर्ण जोर. गीकबेंच या बेंचमार्कवाल्यांनी एस-टेन, एस-ट्वेंटी, एस-ट्वेंटीवन आणि एस-ट्वेंटीटू मालिकांचे आकडे आपल्या तक्त्यातून काढून टाकले. एस-ट्वेंटीटूच्या चिपेची जाहिरात होती तीन गिगाहर्ट्झची. वनप्लसनं 2021 साली नाइनमध्ये रोजच्या वापरातल्या ॲपांना सगळ्यात जोरकस कोअरपासून लांब ठेवलं, तेही कुणी पकडेपर्यंत गुपचूप.

आणि ॲपल. 2017 च्या जानेवारीत आलेल्या आयओएस 10.2.1 मध्ये त्यांनी जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा लगाम ओढला. कारण खरं होतं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रोध वाढतो, प्रोसेसरनं एकदम करंट मागितला की तिचं व्होल्टेज खाली बसतं आणि फोन 30 टक्के चार्ज असतानाही पटकन मरतो. उपाय शहाण्याचा होता. फक्त मालकाला सांगायचं राहून गेलं! सांगितलं असतं तर त्यानं बॅटरी बदलली असती. न सांगितल्यामुळं कित्येकांनी फोन बदलला. डिसेंबरमध्ये गीकबेंचच्या जॉन पूल यांनी आकड्यांचे आलेख मांडले, तेव्हा कुठे माफी आली, आणि 79 डॉलरची बॅटरी 29 डॉलरवर. फ्रान्सनं 2020 साली अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो फोन हळू केला म्हणून नव्हे, तर ते लपवलं म्हणून. आणि 2018 च्या आयओएस 11.3 मध्ये तो लगाम सैल करायचं बटण सेटिंगमध्ये सापडलं. साध्या ग्राहकाला. रूट न करता. आकाश कोसळलं नाही.

म्हणून 'सुरक्षेसाठी सगळं बंद ठेवावं लागतं' हे मला कुणी ऐकवू नये. रूट करण्यात धोका असतो, मान्य. कुठलंही ॲप मुळापर्यंत पोचू शकतं आणि बँका घाबरतात त्यात तथ्य आहे. माझ्या फोनवर बँकेचं ॲप उघडतच नाही. भाजीवालीपुढं मी नोटा मोजत उभा असतो आणि ती सुट्ट्यांवरून दोन शब्द ऐकवते. पण व्होल्टेज उतरवायला रूट लागतं ते तुम्ही दुसरं दार ठेवलं नाहीत म्हणून. आधी दार भिंतीनं बंद करायचं, आणि भिंत फोडणाऱ्याला चोर म्हणायचं. तुम्ही देता तो 'बॅटरी सेव्हर' म्हणजे खुळखुळा आहे. तो काय कमी करतो, किती कमी करतो, हे तुम्हीच जाणा. ट्रकच्या मागे निदान वेगमर्यादा रंगवलेली असते.

मी अकोल्याचा. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसला शिवतो आणि डिलिव्हरीची पोरं फोन हँडलला अडकवून दुपारभर फिरतात. ऊन थेट काचेवर. फोन तापतो, स्वतःचा वेग पाडतो, स्क्रीन अंधूक होते, नकाशा अडकतो, ऑर्डरला उशीर होतो आणि तारा कापला जातो तो पोराचा. त्याच्या फोनला तीन गिगाहर्ट्झचं काय करायचंय? त्याला दीड गिगाहर्ट्झ, कमी व्होल्टेज आणि संध्याकाळपर्यंत शुद्धीवर असलेला फोन हवा. ही सोय कोणत्या सेटिंगमध्ये आहे? 'सर, तुम्ही नवीन मॉडेल बघा.'

त्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून मी तसाच बसस्टँडसमोरच्या टपरीत गेलो. पोरानं दहा मिनिटांत पिन उपटून नवी बसवली, दोनशे रुपये घेतले. चार्जिंगला लावून व्हिडिओ चालू केला आणि फोनच्या पाठीवर हात ठेवून बसला. "भाऊ, हा तापून नाही राह्यला. याच मॉडेलचे बाकीचे तर हातात धरवत नाहीत."

"कमी व्होल्टेजवर चालवतो मी."

त्यानं डोक्यावरच्या कूलरकडे बोट केलं. "आमच्याकडं पण दोन दिवसांपासून लाइन डिमच आहे भाऊ. पाहा ना, फिरून नाही राह्यला."