आपलेच फोटो, आपणच भाडेकरू

आपल्या आयटीवाल्या जमातीची एक गंमत आहे. दिवसभर हापिसात बसून परदेशातल्या कुठल्यातरी बँकेचा नाहीतर विमा कंपनीचा डेटा आपण तळहातावरच्या फोडासारखा जपतो. त्याच्या तीन-तीन प्रती, अधूनमधून रिस्टोअरची तालीम, रात्री दोनला फोन वाजला तर चडफडत का होईना पण उठणं. आणि स्वतःच्या घरचे फोटो? "क्लाउडवर आहेत ना!" संपला विषय.

गेली दोन वर्षं मी भेटेल त्या सहकाऱ्याला सांगतेय की बाबा रे, घरात एक छोटा सर्व्हर ठेव. आणि ज्यांना हे काम झोपेतही जमेल तेच लोक माझ्याकडे मी घरी चक्की बसवायला सांगितल्यासारखं बघतात.

तर मंडळी, आधी त्या क्लाउडबद्दल. गूगल फोटोज २०१५ साली आलं तेव्हा अमर्याद जागा फुकट होती. आपण सगळ्यांनी भराभरा सगळं ओतलं. १ जून २०२१ पासून नवीन फोटो १५ जीबीच्या हिशेबात मोजायला लागले, आणि त्या १५ जीबीत मेलही आलं. आता १५ जीबी म्हणजे किती? आमच्याकडे मामाच्या लग्नाच्या, २००४ सालच्या, चार मिनी-डीव्ही टेप आहेत. एक तासाची टेप जशीच्या तशी संगणकावर उतरवली की साधारण १३ जीबी होते. म्हणजे फुकटच्या जागेत सीमांतपूजन मावेल, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत जागा संपेल. :)

पण जागा हा मुख्य मुद्दा नाहीच. पैसे टाकले की जागा मिळते. मुख्य मुद्दा हा की किल्ली दुसऱ्याकडे आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाची हकिकत छापली होती. मुलगा आजारी, डॉक्टरांना दाखवायला म्हणून त्याने मुलाचे फोटो काढले. गूगलच्या यंत्रणेने ते अश्लील ठरवले आणि खातं बंद केलं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही असं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. वर्षानुवर्षांचं मेल, मुलाच्या जन्मापासूनचे फोटो, सगळं गेलं. यात कुणी खलनायक शोधायची गरज नाही. कोट्यवधी खाती सांभाळणारी यंत्रणा अशीच चालणार. पण घरमालकाने आपला संसार आत ठेवून कुलूप लावलं तर दाद मागायला तिथे माणूसच नसतो, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला तरी कळायला हवं की नको?

"मग तयार नॅस घेऊ की," असं म्हणणारे दुसरे. घ्या, पण त्यातही घरमालक आहेच. सिनॉलॉजीने २०२५ च्या काही मॉडेलांत आपल्याच पसंतीच्या डिस्क लावायची अट घातली होती. लोकांनी बोंब मारली, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ती ढिली केली. शिवाय तो नुसता रिकामा डबाच मी घेतलेल्या अख्ख्या मशीनच्या दुपटीहून महाग पडतो.

आता माझं मशीन. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा (एखाददुसरा अपवाद सोडला तर) आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. त्यामुळे कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीची चांगली धडधाकट मशीनं भंगारात काढली. त्यातलीच ती जाडजूड पुस्तकाएवढी छोटी मशीनं असतात ना, डेलची, एचपीची, लेनोव्होची, तसलं एक मी ९,००० रुपयांना उचललं. सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी मेमरी. ("ताई, बिलिंगसाठी हवंय का?" असं दुकानदाराने विचारलं. मी हो म्हटलं. कुठे समजावत बसा.) सातवी पिढीच का, तर फोनवर निघणारे एचईव्हीसी प्रकारचे व्हिडिओ, दहा बिटवालेसुद्धा, तिची चिप स्वतः उलगडते. जुन्या टीव्हीला ते झेपत नाहीत, मग जेलीफिन त्यांचं टीव्हीला कळेल असं रूप तिथल्या तिथे करून देतं. जेलीफिन फुकट आहे, खालचं डेबियन फुकट, फाइली घरातल्या सगळ्या यंत्रांना दाखवणारं सांबाही फुकट, आणि ते १९९० च्या दशकापासून चालू आहे. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने लिहायला घेतलं होतं.

घरात धूळ खात पडलेला जुना टॉवर का नाही वापरायचा? विजेमुळे. मी मीटर लावून मोजलं. छोटं मशीन आणि बाहेरची डिस्क मिळून सरासरी १८ वॅट. वर्षाचे १५८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १,५८० रुपये. जुना टॉवर निवांत बसून ६० वॅट खातो, म्हणजे वर्षाला सव्वापाच हजार. फुकटात मिळाला तरी तो महागच.

आणि आता खरा हिशेब, जो घरगुती सर्व्हरचे भक्त सांगत नाहीत. मशीन ९,०००, चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क मिळून १९,०००. एकूण २८,०००. दोन टेराबाइटचं भाडं महिना ६५० धरलं तर वर्षाचे ७,८००. वीज वजा केली तर माझे पैसे फिटायला साडेचार वर्षं लागतील. तोवर एखादी डिस्क राम म्हणेलच. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून हे करत असाल तर करू नका. पैसे वाचवायचे असतील तर अर्धे फोटो उडवा, दिवाळीचे नव्वद टक्के फोटो सारखेच असतात.

तिसरं उत्तर सगळ्यात दमदार असतं, आणि ते मी टाळणार नाही: "घरात चोरी झाली, आग लागली, पाणी शिरलं तर?" अगदी बरोबर. माझे आईवडील सांगलीत राहतात, ऑगस्ट २०१९ चं पाणी मला कुणी समजावून सांगायला नको. पण हा प्रश्न घराला जसा आहे तसाच क्लाउडलाही आहे. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या पेन्शन फंडाचा पाच लाखांहून अधिक सभासदांचा कारभार गूगल क्लाउडच्या एका चुकीमुळे पुसला गेला. ते वाचले, कारण त्यांनी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती. धडा क्लाउड वाईट असा नाही, एकाच ठिकाणी ठेवणं वाईट असा आहे. म्हणूनच दोन डिस्क. त्यांची रेड करून एकाच मशीनला लावायच्या नाहीत. रेड डिस्क मेल्यावर कामाला येते, बोटाने फोल्डर उडवलं की दोन्हीकडून इमानदारीत उडतं. एक डिस्क माझ्याकडे पुण्यात, दुसरी सांगलीला वरच्या मजल्यावरच्या कपाटात. गणपतीत आणि मे महिन्यात गेले की अदलाबदल. मधल्या काळात जे नवं जमतं त्याची एक प्रत, चोख एन्क्रिप्ट करून, मीही क्लाउडवर टाकते. भाड्याची जागा माळ्यासारखी वापरायला माझी ना नाही. देवघर तिथे नको.

घराबाहेरून बघायची हौस असेल तर राउटरचं दार मात्र उघडू नका. २०२१ आणि २०२२ मध्ये क्यूनॅपच्या कितीतरी घरगुती डब्यांवर खंडणीखोर चढले, ते असेच इंटरनेटवर उघडे होते. वायरगार्डवर चालणारं टेलस्केल टाका. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यातूनही ते वाट काढतं. आणि लाइट गेली की परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं ही बायोसमधली सोय आठवणीने चालू करा. गुरुवारी लाइट जाणाऱ्या गावात हे सांगायला नको, पण सांगते.

एका गोष्टीत मात्र मी माझ्याच पंथाच्या लोकांवर चिडते. घरात डझनभर कंटेनर, झेडएफएस, रॅक, निळे दिवे, आणि सगळ्याची माहिती फक्त एका डोक्यात. त्या डोक्याला उद्या पीएमटीने उडवलं (पीएमपीएमएल म्हणायचं आता, सवय जात नाही) तर बायकापोरांना फोटो कसे मिळणार? मग त्या बंद खात्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला? माझ्याकडे फोल्डरांची नावं सालानुसार, मराठीत. सांगलीची डिस्क एक्सफॅट, म्हणजे भावाने विंडोजच्या लॅपटॉपला लावली की उघडते. आधार-पॅनचे कागद वेगळे, कुलूपबंद. लग्नाच्या व्हिडिओला मी मुद्दाम कुलूप लावलेलं नाही. चोराने मामाचं लग्न बघितलं तर बघू दे. पासवर्ड विसरल्यामुळे आम्हालाच बघता आलं नाही, याची मला जास्त भीती वाटते. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर आईला कळेल अशा भाषेत सात ओळी. मे महिन्यात मी काही न बोलता बाजूला उभी राहिले आणि आईने कागद वाचून २००४ चं फोल्डर उघडून दाखवलं. अकरा मिनिटं लागली, त्यातली चार चष्मा शोधण्यात.

"वेळ कुठाय?" म्हणाल. बसवायला एक शनिवार-रविवार गेला. आता महिन्याला अपडेट आणि डिस्कची तब्येत बघणं, अर्धा-पाऊण तास. हापिसात यापेक्षा जास्त वेळ आपण मीटिंगला कोण कोण आलंय ते बघण्यात घालवतो.

घ्यायला जाणार असाल तर तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर हिंडा. मशीन दुकानातच सुरू करून बघा, बायोसला पासवर्ड तर नाही ना ते तपासा, पंख्याचा आवाज कान लावून ऐका. डिस्क मात्र नवीच घ्या. आणि मूळचा अ‍ॅडॉप्टर सोबत मागून घ्या, या छोट्या मशीनांबरोबर तो बऱ्याचदा देत नाहीत आणि मग वेगळे सात-आठशे जातात.