ब्रश मुलाच्याच हाती राहू द्या

शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात एका गोष्टीची आता सर्वांनाच सवय झाली आहे. टेबलावर सुबक एस.टी. बस उभी असते. खिडक्यांच्या कडा सुईने आखल्यासारख्या असतात. परीक्षकांनी "बाळ, हे कसं रंगवलंस?" असे विचारले की सहावीतला मुलगा खरे सांगून टाकतो, "पप्पांनी रंगवलं सर." परीक्षक हसतात, पप्पाही हसतात आणि नंबर त्याच बसला मिळतो. शेजारच्या टेबलावर स्वतः केलेली, पण काचांवर लाल रंग पसरलेली बस घेऊन उभी राहिलेली मुलगी मात्र हसत नाही.

यात पालकांची चूक आहे, पण ती सगळी त्यांचीच आहे असे आम्ही मानत नाही. खोक्याचा पुठ्ठा किंवा सनबोर्ड कापणे, चिकटवणे, चाके बसवणे इथवर मूल आपले आपण रेटते. अडते ते रंगाशी. निपाणीच्या स्टँडवर महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची अशा दोन्हीकडच्या बसगाड्या शेजारी शेजारी लागतात. त्यामुळे आमच्या मुलांना बस करण्याचा भारी सोस. आता हिशेब करून पाहा. समजा खरी बस १० मीटर लांब आहे आणि मॉडेल १:५० प्रमाणात करायचे आहे. मॉडेल झाले २० सेंटिमीटरचे. खऱ्या बसमध्ये दोन काचांमधली पट्टी ५ सेंटिमीटरची असेल, तर मॉडेलमध्ये ती १ मिलिमीटरची. अकरा वर्षांच्या मुलाने दोन्ही बाजूंच्या काचा न बिघडवता ती एक मिलिमीटरची पट्टी रंगवायची! ब्रश सरकतो, रंग काचेवर जातो आणि मग घरातले मोठे माणूस म्हणते, "सरक जरा, मी करतो." एकदा ब्रश हातातून गेला की तो मुलाकडे परत येत नाही, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

ही अडचण सोडवण्याचे एक साधन आहे, आणि त्याविषयी पालकांना व विश्वस्त मंडळाला चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख. चित्रकलेच्या साहित्याच्या मोठ्या दुकानांत 'मास्किंग फ्लुइड' नावाची लहान बाटली मिळते. परदेशात प्लॅस्टिकची विमाने जोडणारे हौशी लोक हंब्रॉल कंपनीचे जांभळट 'मास्कोल' वापरतात, तेही याच जातीचे. जिथे रंग लागू नये तिथे हे द्रव ब्रशने लावायचे. वाळले की त्याची रबरासारखी कातडी तयार होते. मग वरून बिनधास्त रंगवायचे. रंग वाळला की ती कातडी सोलून काढायची, खाली काच जशीच्या तशी. ज्यांनी शाळेत बाटिक केले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. तिथे मेण कापडाला राखते, इथे रबर काचेला राखते. पोत्यांवर व्यापाऱ्याचे नाव उठवण्यासाठी पत्र्यात कापलेली अक्षरे वापरतात, तेही तत्त्व हेच.

या बाटलीत असते काय? बहुतेक करून रबराच्या झाडाचा चीक. रबर म्हटले की आपल्याला केरळ आठवते, पण घाट उतरून गेले की सिंधुदुर्गात दोडामार्ग भागातही रबराच्या बागा आहेत. झाडाच्या सालीला तिरकी चीर देऊन खाली वाटी बांधतात, तीत पांढरा चीक जमतो. तो तसाच ठेवला तर गोठतो, म्हणून त्यात अमोनिया घालतात. बाटली उघडताच नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचा. म्हणून हे काम खिडकी उघडी ठेवून करायचे. ज्यांना फुग्याने किंवा रबरी हातमोज्याने अंगाला खाज सुटते, अशा मुलांनी त्याला हात लावू नये. त्यांना कागदी टेप द्यावी.

चिकाशी गाठ पडलेल्या आपल्या बायकांना एक युक्ती ठाऊक आहे. फणस कापण्याआधी त्या हाताला आणि विळीला तेल लावतात. इथेही तसेच करायचे, फक्त तेलाऐवजी साबण. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून टिपून घ्यावा, मगच बाटलीत घालावा, आणि काम होताच लगेच धुवावा. नाहीतर केस कायमचे चिकटून बसतात. ब्रश जुनाच घ्यावा, हे सांगायला नको. बाटली हलवू नये. हलवली की बुडबुडे येतात, आणि बुडबुड्याच्या जागी भोक पडून रंग आत शिरतो. लागेल तेवढे टोपणात ओतून घ्यावे व उरलेले परत बाटलीत ओतू नये. थर जरा जाडच द्यावा. पातळ थर सोलताना त्याचे तुकडे तुकडे होतात आणि मूल नखाने खरवडत बसते. खालचा भाग आधी रंगवलेला असेल तर तो रंग किमान एक रात्र वाळू द्यावा. ओलसर रंगावर हे द्रव लावले तर सोलताना खालचा रंगही बरोबर येतो. वरचा रंग वाळल्यावर मात्र दिवसचे दिवस थांबू नये. रबर जुने झाले की निघता निघत नाही.

सगळीकडे हेच वापरा, असे आम्ही म्हणत नाही. सरळ रेघेला कागदी मास्किंग टेपच चांगली, आणि ती स्वस्तही पडते. टेप वळत नाही तिथे, म्हणजे बसच्या पुढच्या काचेच्या गोल कोपऱ्यांवर, विमानाच्या फुगीर काचेवर, चाकाच्या वाटीवर, हे द्रव उपयोगी पडते. मऊ कागदावर लावले तर सोलताना कागदच फाटतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि माती त्याला पिऊन टाकतात. त्यामुळे दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या बाळगोपाळांनी या बाटलीच्या वाटेला जाऊ नये. मातीच्या किल्ल्याला गेरू, चुना आणि पेरलेले अळीव पुरे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत आपल्या जवळचा पन्हाळाही आहे. यापुढे प्रदर्शनात पन्हाळे पुष्कळ येतील असा आमचा अंदाज आहे. त्यांच्या तोफांना मात्र ही युक्ती छान जमते. आधी तांबूस गंजाचा रंग द्यावा. तो वाळल्यावर स्पंजच्या तुकड्याने हे द्रव इकडेतिकडे टिपावे, वर काळा रंग द्यावा आणि मग बोटाने चोळावे. रबर निघते आणि रंग उडालेली जुनी तोफ समोर उभी राहते.

आता जी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती. बाटली महाग, म्हणून मुले पर्याय शोधतात. रबरच हवे ना, मग सायकलच्या दुकानातले पंक्चर काढायचे सोल्यूशन काय वाईट, असा त्यांचा तर्क असतो. तर्क हुशारीचा आहे, पण घातक आहे. त्या सोल्यूशनमध्ये रबर विरघळवण्यासाठी पेट्रोलच्या जातीची द्रव्ये असतात. थर्मोकोल आणि काही प्लॅस्टिक त्यांनी वितळते, म्हणजे मॉडेल तर जातेच. त्याहून वाईट म्हणजे बंद खोलीत तासभर तो वास घेतला की डोके जड होते, चक्कर येते आणि पुढे पुढे त्या वासाचे व्यसनही लागू शकते. शिवाय ते झटकन पेट घेते. दिवाळीच्या दिवसांत, पणत्या लागलेल्या घरात, ही ट्यूब उघडी असू नये. रुईचा किंवा शेराचा चीक वापरून पाहण्याचा उद्योगही कोणी करू नये. तो डोळ्यात गेला तर दृष्टीला अपाय होतो. पर्यायच हवा तर छोट्या खिडकीपुरता फेविकॉलचा जाडसर थर चालतो. वाळल्यावर गुळगुळीत प्लॅस्टिकवरून त्याचा पापुद्रा निघतो. मात्र वरून पाण्याचा रंग देताना हात हलका ठेवावा लागतो.

आमच्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सारे लाड वाटतात. हाताला वळण लागायचे तर मुलाने मुक्त हस्ताने रेघ मारायला शिकले पाहिजे, असे ते म्हणतात. जलरंगाच्या बाबतीत ते आम्हांला मान्य आहे. बेळगावला के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे चित्रकार आणि गुरू होऊन गेले. त्यांच्या परिसरात वाढलेल्या मुलाने पांढरा कागद नुसत्या ब्रशने राखायला शिकावे, हे योग्यच. पण मॉडेल म्हणजे चित्र नव्हे. आणि वळण लागायला आधी ब्रश मुलाच्या हातात असावा लागतो. आज तो वडिलांच्या हातात आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमची मागणी साधी आहे. प्रत्येक घरी बाटली आणायला लावू नये. पालकांवर तो भुर्दंड नको, आणि उघडलेली बाटली उन्हाळ्यात घट्ट होऊन फुकट जाते. शाळेने चित्रकलेच्या खोलीसाठी एक-दोन बाटल्या घ्याव्यात व त्या शिक्षकांच्या कपाटात राहाव्यात. मॉडेल घरी जोडावे, पण रंगवावे शाळेत, प्रदर्शनाआधीच्या दोन शनिवारी. घरून रंगवून आणलेले मॉडेल मांडायला हरकत नाही, त्याला नंबर मात्र देऊ नये. हे वाचून काही पालक रागावतील. त्यांनी शनिवारी जरूर यावे, मागच्या बाकावर बसावे आणि हात घडी घालून ठेवावेत. ब्लेडने कडा कापायची वेळ आली की आम्ही त्यांनाच हाक मारू. पाचवी-सहावीच्या मुलांच्या हाती ब्लेड द्यायचे नाही, यावर आमचे सर्वांचे एकमत आहे.

येताना मुलांनी जुना ब्रश, साबणाचा तुकडा, बाटलीचे रिकामे टोपण आणि चिंधी आणावी. युनिफॉर्म घालून येऊ नये. हे द्रव कापडावर वाळले की कितीही घासले तरी निघत नाही.