नव्या गाडीचा कर उतरला, मग सेकंडहँडचा भाव जुनाच का? सातारा-सांगलीत रोजच्या वापराची गाडी घेताना हा हिशेब मांडा

२२ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शोरूमचे भाव उतरले. सेकंडहँडच्या बाजारात मात्र अजून जुनंच गणित चालतं. विकणारा आपली खरेदीची पावती पुढे करतो आणि म्हणतो, "एवढ्याला घेतलीया, दोन वर्षं पण वापरली नाय, बघा काय ते." घेणाराही त्या पावतीवरूनच घासाघीस सुरू करतो. इथंच पैसे जातात.

हिशेब साधा आहे. कर सोडून एक लाखाची गाडी आधी १,२८,००० ला पडायची, ती आता १,१८,००० ला पडते. म्हणजे जवळजवळ आठ टक्के कमी. रस्ता करही गाडीच्या किमतीवर टक्केवारीने लागतो. आता तशीच गाडी जुन्या बाजारात ८० हजारांना जात असेल, तर त्याच प्रमाणात तिचा भाव ७४ हजारांच्या आसपास यायला पाहिजे. विकणाऱ्याने किती मोजले होते याच्याशी तुमचं देणंघेणं नाही. आज शोरूममध्ये त्याच मॉडेलचं कोटेशन घ्या, खिशात ठेवा आणि मग बोलायला बसा. कोटेशनला पैसे पडत नाहीत.

३५० सीसीच्या वरचं प्रकरण उलटं आहे. तिथे कर ४० टक्क्यांवर गेला. त्यामुळे ३९०, ४५०, ६५० सीसीच्या जुन्या गाड्यांना मागणी राहणार आणि विकणारे भाव सोडणार नाहीत. पण रोज कामावर जायला या गाड्या लागतात कुणाला?

खरा प्रश्न आहे तो शिरवळ, कराड, पलूस, कुपवाडच्या कारखान्यांत रोज जाऊन येणाऱ्यांचा. रात्रपाळी सुटते तेव्हा गावाकडे एसटी नसते. मुक्कामी गाडी सकाळी निघते ती शाळा-कॉलेजच्या वेळेला, शिफ्टच्या वेळेला नाही. अशा माणसाला गाडी बंद पडली की हजेरी बुडते. त्याच्यासाठी गाडी म्हणजे पगाराचा भाग आहे, हौस नंतर.

हौसेचं नाव निघालंच आहे तर बुलेटचं बोलू. आपल्याकडे साखरपुडा ठरला की बुलेटचा विषय निघतोच. ३५० सीसीची गाडी घाटात, डबलसीट, सामान घेऊन उत्तम चालते, यात वाद नाही. पण रोज ५० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर १५ हजार किलोमीटर होतात. ४५ चं ॲव्हरेज देणाऱ्या १५०-१६० सीसीच्या गाडीला त्यासाठी ३३३ लिटर पेट्रोल लागेल. ३५ चं देणाऱ्या बुलेटला ४२९ लिटर. लिटरला शंभरच रुपये धरले तरी वर्षाला साडेनऊ हजारांचा फरक. वरून टायर, चेन-स्पॉकेट, क्लचप्लेट सगळंच महाग. क्लासिक ३५० चं वजन दोनशे किलोच्या आतबाहेर आहे. पावसाळ्यात वस्तीवरच्या चिखलातून ती ढकलून बघा, मग ठरवा. आमचं मत स्पष्ट आहे: रोज तीस ते साठ किलोमीटरला पल्सर, युनिकॉर्न, अपाचे, एफझेड या १५० ते १६० सीसीच्या घरातली गाडी घ्यावी. हायवेची सवारी रोजचीच असेल, मागे कायम माणूस असेल, तरच ३५० चा विचार करावा.

मॉडेल कोणत्या सालचं, याला आता फार महत्त्व आलंय. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्यावर पाचट, चिखल आणि पुढे बिनलाइटची ट्रॉली असते. अशा वेळी दाबलेला ब्रेक चाक जाम करत नाही, हे जीव वाचवणारं आहे. म्हणून २०१९ च्या आधीची गाडी कितीही चकाचक असली तरी आम्ही ती दुसऱ्या नंबरला ठेवू.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि या वर्गातल्या गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इथे दोन बाजू आहेत. कार्ब्युरेटरची गाडी माण-खटाव किंवा जतच्या कुठल्याही फाट्यावरचा मिस्त्री पान्या-स्क्रू ड्रायव्हरवर चालू करून देतो. इंजेक्शनच्या गाडीला बिघाड झाला तर स्कॅनर असलेलं गॅरेज लागतं. पण गारठ्यात पहाटे पाचला गाडी एका बटणावर चालू व्हायला हवी असेल तर इंजेक्शनच बरं. तुमच्या गावापासून असं गॅरेज किती लांब आहे ते आधी बघा.

मग पेट्रोलमधलं इथेनॉल. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई-२० पेट्रोल सोसतील अशा भागांनी बनतात. त्याआधीच्या गाड्यांचं काय? दुचाकींचं ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला आहे. म्हणजे ४५ ची गाडी ४३ वर येईल. ते फार नाही. खरी काळजी वेगळी: इथेनॉल पाणी ओढतं, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत आणि रबरी पाइपांत त्याचा त्रास दिसतो. टाकीचं झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने आत गंज दिसतो का ते बघा. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीत परत येतंय, त्याला नावं तरी किती ठेवणार!

सांगली आणि कराडकडची गाडी घेताना आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: ही पुरात होती का? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोका पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पुरात बुडालेली गाडी धुऊन, तेल बदलून चालू होते, रंगवली की नवी दिसते. पण वायरिंगच्या आत गेलेला गाळ वर्षांनंतर त्रास देतो. विमा कंपनीला दावा केला असेल तर नोंद सापडेल. नसेल तर गाडीच बोलेल. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ किंवा मातीचा थर, सीटखाली वायरींच्या जोडावर हिरवट बुरशी, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात वाळलेला चिखल, स्पीडोमीटरच्या आत धुकं. यातलं दोन ठिकाणी काही दिसलं तर चहा पिऊन उठावं. २०२१ च्या ऑगस्टनंतरची गाडी असेल तर निदान या दोन पुरांची धास्ती नाही.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडची गाडी फ्रेमच्या खालून आणि सायलेन्सरला गंजते. आटपाडी-जतकडची धूळ खाते, तिचा सायलेन्सर निळसर धूर टाकतो का ते बघायचं. गाडी थंड असतानाच चालू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम असेल तर विचारा, का गरम आहे. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पायाखालचं रबर, ब्रेक पेडल आणि हँडलची मूठ किती झिजली ते बघा.

आता कागद. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा समजतो. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतात; फटफट सायलेन्सर लावून फिरलेल्या गाडीवर ती हमखास सापडतात. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी प्लेट बसवलेली नसेल तर आरटीओत नाव बदलायचं काम अडतं. ती प्लेट विकणाऱ्यानेच बसवून द्यावी, ४५० रुपये आणि वर जीएसटी एवढाच खर्च आहे.

नुसत्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षं फिरवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती विकणाऱ्यालाच महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात सांगितलं, की गाडी अनेक हातांतून गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. म्हणून गाडी विकली की १४ दिवसांच्या आत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचं. नंतर "मी तर कधीच विकलीया" म्हणून चालत नाही.

जत, मिरज, कवठेमहांकाळच्या लोकांना विजयपूर, अथणीकडची केए पासिंगची गाडी दहा-पंधरा हजारांनी स्वस्त सांगितली जाते. खानापूर-आटपाडीत गलाईवाले बाहेरच्या राज्यांतून आणलेल्या गाड्याही विकायला असतात. गाडी चांगली असू शकते. पण बाराहून जास्त महिने इथे वापरायची तर तिथल्या आरटीओची एनओसी घेऊन इथे नवं पासिंग करावं लागतं आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. तिकडच्या कराचा उरलेला परतावा मिळवायला पुन्हा तिकडेच अर्ज करावा लागतो. तेव्हा विकणाऱ्याला पहिल्यांदा एवढंच विचारा, एनओसी काढून कोण देणार, आणि ती येईपर्यंत किती पैसे हातात ठेवायचे.