सोऱ्या कुठे ठेवलाय?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आरोग्याच्या सूत्रांना पालवी फुटते. परवा एका पुरवणीत एका सल्लागारांनी ‘तणावमुक्त दिवाळी’ची सूत्रे दिली. चकली तळू नका, भट्टीत भाजा. साखरेऐवजी गूळ घाला. भाऊबीज झाली की तीन दिवस ‘डिटॉक्स’ करा. रोज दहा मिनिटे डोळे मिटून बसा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘नाही’ म्हणायला शिका. थोडक्यात, दिवाळी जरूर करा, फक्त तीत दिवाळी नको.

फुटकळ सूत्रांची वासलात आधी लावतो. गुळातही मुख्यतः साखरच असते. रंग तपकिरी केल्याने रक्त फसत नाही. ‘डिटॉक्स’चे काम यकृत आणि मूत्रपिंडे बारा महिने बिनपगारी करतात. भट्टीतल्या चकलीने उष्मांक वाचतील, दातांची हमी मी देत नाही.

माझा खरा राग त्या ‘नाही’वर आहे. कोणी म्हणायचे, आणि कोणाला? अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत पडलेत, रोज पाणी बदलायचे आहे. ‘नाही’ तांदळांना म्हणायचे? भाजणीच्या डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, करंज्यांच्या पाऱ्या ओल्या फडक्याखाली सुकू द्यायच्या नाहीत, चिवड्याचे पोहे आकसण्याच्या आत उतरवायचे. वसुबारसेपर्यंत डबे भरले पाहिजेत, कारण त्यानंतर पाहुणे येतात. नरकचतुर्दशीला सगळे घर पहाटे उठते म्हणतात. खरे म्हणजे एकच बाई उठते आणि बाकीच्यांना उठवते. तेल, उटणे, पायाखाली कारीट, आणि आंघोळ करून आलेल्यांपुढे फराळाच्या ताटल्या. त्या रांगेत तिची स्वतःची आंघोळ शेवटची, तोवर सूर्य बराच वर आलेला. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचे. भाऊबीजेला तर कमालच: नणंद भावाकडे जेवायला येणार, म्हणून हिने स्वयंपाक करायचा, आणि भांडी आवरून झाली की संध्याकाळी उरल्या वेळात आपल्या भावाला ओवाळायला धावायचे. या बाईला हे गृहस्थ सांगतात, ताण घेऊ नका! ती घेत नाही हो. तो तिला घरपोच मिळतो. वर तुमची दहा मिनिटे डोळे मिटून बसण्याची. म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम.

हे माझ्या मनाचे खेळ वाटत असतील तर सरकारी आकडा घ्या. २०१९ च्या देशव्यापी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ च. हा हिशेब साध्या दिवसांचा. दिवाळीचा ज्याने त्याने मांडावा. सल्लागारांनी लाडवातले उष्मांक मोजले, लाडू वळणाऱ्या हातांचे मोजायचे राहून गेले.

सूत्रकारांशी माझे वैर जुने आहे. एका व्याख्यानमालेत एका वक्त्याने तुपाला विष ठरवून वनस्पतीची भलामण केली होती. मी उठून शंका विचारली, टाळ्या त्याला पडल्या. आमच्या घरच्या करंज्या मग कित्येक वर्षे डालड्यात पोहल्या. पुढे २०२२ पासून खाद्यतेलांत, म्हणजे वनस्पतीतही, ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर नको असा नियम आला. वक्त्याने क्षमा मागितल्याचे ऐकिवात नाही. तूपही कोणी पिंपाने पिऊ नये, हे माझे तेव्हाही म्हणणे होते. पण ते टाळ्यांत बुडाले.

आता मंडन. मधुमेह्यांनी पथ्य पाळावे, रक्तदाबाच्या गोळ्या सणातही चुकवू नयेत. एवढे सल्लागारांचे बरोबर आहे आणि ते डॉक्टरांनी आधीच सांगितलेले आहे. बाकी माझा उपाय लहान आहे. सात पदार्थांऐवजी तीन करा, उरलेले बचतगटाकडून आणा. बाहेरच्या चिरोट्यांनी लक्ष्मी रुसत नाही. भाऊबीजेचे जेवण एका वर्षी भावाने रांधावे. पहिल्या आंघोळीचे पाणी घरातल्या पुरुषाने तापवावे आणि पहिली आंघोळ तिला द्यावी. एवढेच? एवढेच. यासाठी पुरवणीचे पान लागत नाही, म्हणूनच ते कोणी छापत नाही.

हे सांगणारा मी कोणी साधू नव्हे. लग्नानंतर तीस दिवाळ्या चकल्या खाल्ल्यावर परवापरवा मला कळले की आमचा सोऱ्या माळ्यावर, जुन्या पितळी डब्यात असतो. तेही विचारावे लागले. तेव्हा सल्लागारांना एकच विनंती: पुढच्या वर्षी सूत्रे लिहिण्याआधी, कोणाला न विचारता, आपल्या घरचा सोऱ्या शोधून दाखवा. सापडला तर त्यांची सगळी सूत्रे मी मुकाट्याने पाळीन, भट्टीतल्या चकलीसकट.